निकाल येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीजर आहे. माझ्या पोटात मराठवाड्यातल्या चारशे बारा हृदयरोग्यांचं भवितव्य सुरक्षित आहे.

हे दुसरं वाक्य माझं नाही. ते आमच्या दशकपूर्ती सोहळ्यातल्या भाषणातलं आहे. ते माईकवरून उच्चारलं गेलं तेव्हा माझा प्लग काढलेला होता. माईकला बोर्ड लागत होता.

पण आत्मवृत्त शेवटापासून सांगायचं नसतं असं शाळेत शिकवतात. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथून बोटीनं आणि मग ट्रकनं मी या शहरात आलो. माझ्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर शहराचं जुनं नाव आहे, आता सगळे छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मे महिना होता. हमालांनी मला दुसऱ्या मजल्यावर चढवलं आणि एकानं माझ्याच दाराला पाठ लावून घाम पुसला. माझ्या अंगात उणे ऐंशी अंश तापमान धरण्याची ताकद आहे असं कळल्यावर तो म्हणाला, "मग पंख्याची हवा काहून लागंना?" माझं हे पहिलं कौतुक.

मला ज्या कामासाठी आणलं ते काम थोर होतं. मित्रांनो, हृदयावर ताण आला की ते गप्प बसत नाही. ते रक्तात एक पदार्थ सोडतं. तो पदार्थ मोजला की हृदय किती थकलंय ते कळतं, आणि पुढची पाच-दहा वर्षं माणसाचं कसं जाईल याचाही अंदाज येतो. अशा पदार्थांना आमच्याकडं 'खुणा' म्हणतात. विभागप्रमुख डॉक्टर शिवराज यांनी ठरवलं की एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या चारशे बारा रोग्यांचं रक्त दर सहा महिन्यांनी घ्यायचं, माझ्यात गोठवून ठेवायचं, आणि दहा वर्षं झाली की सगळं एकदम बाहेर काढून खुणा मोजायच्या. कोण जगलं, कोण गेलं ते तोवर आपोआप कळलेलं असेल. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या.

योजनेत काही खोट नव्हती. एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. ज्यांचं रक्त होतं त्यांना ते दहा वर्षं जगायचं होतं.

जागेची अडचण असल्यामुळे रक्त घ्यायचं टेबल माझ्या समोरच होतं. म्हणून मला रोग्यांची ओळख झाली. रक्त घ्यायचं काम गोकुळ करी. हा मुकुंदवाडीचा, बी.एस्सी. झालेला, हाताला हलका आणि बोलायला सढळ. दोनशे सतरा नंबरचा रोगी त्याच्यापुढं पहिल्यांदा बसला तो दिवस मला चांगला आठवतो. पागोटं मांडीवर, शेजारी बायको, तिच्या मांडीवर पिशवी. मुंजाबा आणि सखूबाई. सोयगावच्या वरच्या डोंगरातली मेंढपाळ माणसं. मुंजाबाला दीड महिन्यापूर्वी चढावर चालताना झटका आला होता. वय छप्पन्न.

गोकुळनं दंडाला पट्टा आवळला आणि सांगितलं, "मामा, या रक्तात तुमच्या हृदयाची खूण सापडते. खुणेवरून पुढं काय होणार ते कळतं."

"खूण?" मुंजाबा म्हणाला. "आमी मेंढराच्या कानाला करतो तशी?"

"तशीच समजा."

"आमची खूण मला त्या टेकाडावरून दिसती. शंभरात माझं कोणतं ते सांगतो. ही खूण कुनाला दिसती?"

"मशीनला."

मुंजाबानं माझ्याकडं पाहिलं. मला मान हलवता येत नाही, नाहीतर मी तेव्हाच नाही म्हणालो असतो. मी मोजणारं मशीन नव्हे, मी नुसता थंड आहे. पण त्या दिवसापासून मुंजाबा मला मोजणारा समजू लागला आणि दर खेपेला जाता जाता माझ्या दारावर हात ठेवून जाऊ लागला.

"मग एक सांगा, गोकुळभाऊ," तो म्हणाला. "माझी ऐंशी मेंढरं हायती. दिवाळी झाली की आमी घाट उतरून खाली जातो, पावसाळ्याच्या तोंडाला वर येतो. पोरगं नाय मला. मी चालायचं का मेंढरं इकायची? एवढंच सांगा. बाकी मला काय नको."

गोकुळनं त्याला एक गुलाबी कार्ड दिलं. "सगळं यात लिहिलंय."

मित्रांनो, आता मला या कार्डाविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं. मूळ सूचना इंग्रजीत होत्या. त्यांचं मराठी करायचं काम सरांनी, म्हणजे डॉक्टर शिवराजांनी, गोकुळला दिलं, कारण सरांना इंग्रजी येत होतं आणि गोकुळला वेळ होता. पहिल्या सूचनेत रक्त देण्याआधी बारा तास पोटात काही नको असं होतं. गोकुळनं लिहिलं : 'तपासणीच्या दिवशी उपवास करून यावे.' पाच शब्दांत काम झालं म्हणून तो खूश झाला. मग कार्डाची मागची बाजू रिकामी दिसू लागली. म्हणून त्यानं दुसऱ्याच एका तपासणीच्या जुन्या कार्डावरून एक ओळ उतरवली. ती तपासणी अशी होती की निकाल दुसऱ्या दिवशी मिळे. ओळ होती : 'निकाल येईपर्यंत जड काम व चढ-उतार टाळावा.'

सरांनी सही केली. कार्डं छापून आली. पाच हजार आली, कारण पाच हजारांखाली प्रेसवाला छापत नव्हता.

मुंजाबाला वाचता येत नव्हतं. सखूबाईनं एसटीत शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीकडून कार्ड वाचून घेतलं. पुढल्या खेपेला तिनंच ते गोकुळला सांगितलं.

"म्या म्हनलं, निकाल येईस्तोवर चढायचं नाय ना, मग नाय चढायचं. मेंढरं माझ्या भावाकडं दिली. हनुमानकडं. निकाल आला की आनायची."

"चांगलं केलं, मावशी," गोकुळ म्हणाला.

"कव्हा येईल निकाल?"

"यायचाय अजून."

गोकुळला वाईट म्हणू नका. त्याला 'दहा वर्षांनी' हा शब्द तोंडातून काढवत नव्हता. शिवाय मुंजाबा रिकामा बसून खंगत चाललाय हे त्याला दिसत होतं. त्यानंच ओळखीनं मुकुंदवाडीत एका पाच मजली सोसायटीत त्याला वॉचमनचं काम लावून दिलं. खाली गेटशेजारी एक खोली होती, नवरा-बायकोची राहायची सोय झाली. "नुसतं बसायचं काम आहे, मामा," गोकुळ म्हणाला. सोसायटीच्या चेअरमननं गुलाबी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि मान्य केलं की या माणसाला जिना चढायला सांगायचं नाही. दमदार सही होती कार्डावर.

अशा रीतीनं डोंगरातला एक माणूस खुर्चीवर बसला.

माझी ती उमेदीची वर्षं होती. रोज सकाळी माझं तापमान वहीत लिहिलं जाई. दार उघडताना लोक हातमोजे घालत आणि पटकन बंद करत. दूरदूरचे पाहुणे मला पाहायला येत आणि मला पाहून झालं की वेरूळला जात. दोन्ही ठिकाणी ते एकच विचारत, हे सगळं इतकी वर्षं टिकलं कसं. सर सांगत, "शिस्त." वेरूळला काय सांगत मला माहीत नाही.

आणि दर सहा महिन्यांनी दोनशे सतरा नंबर येई. रक्त देई. पट्टा सुटला की विचारी, "निकाल आला का?"

"यायचाय, मामा."

"हनुमान इचारतोय. म्हनतो, मेंढरं माझ्याच खुणेची करू का आता. म्या म्हनलं, नाय. खूण माझीच ऱ्हाऊ दे. मी येनार हाय."

चौथ्या वर्षी हनुमाननं खूण बदलली. सखूबाईनं ते सांगितलं तेव्हा मुंजाबा खिडकीबाहेर बघत होता. पाचव्या वर्षी हनुमाननं कळप विकला. चरायला जागा राहिली नाही म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. तरी पंचवीस माद्या आणि एक नर त्यानं ठेवला होता. "दाजींचा निकाल आला तर," म्हणाला. तेव्हा मला हनुमान चांगला माणूस वाटला. अजूनही वाटतो.

मला त्या वर्षांतली आणखी एक गोष्ट ठाऊक होती, पण मला कोणी विचारत नाही. रक्त फिरवून वरचं पाणी वेगळं काढलं की ते गोठण्याआधी थोडा वेळ नळ्यांमध्ये टेबलावर उभं राही. उपाशी माणसाच्या रक्तातलं पाणी स्वच्छ, पिवळसर दिसतं. आमच्याकडं बहुतेकांचं दुधाळ दिसे. गोकुळला वाटे, हृदयरोग्यांचं असंच असणार. सर नळ्यांकडं बघत नसत. ते आकड्यांची वाट बघत होते.

सहाव्या वर्षी डॉक्टर तनुजा आमच्याकडं आल्या. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान, आणि त्यांना विचारायची वाईट सवय होती. त्या दिवशी गोकुळ रजेवर होता, म्हणून दोनशे सतराचं रक्त त्यांनीच घेतलं.

"बाबा, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"नाय, मॅडम. उपास हाय."

"कडक," सखूबाई म्हणाली. "निसती खिचडी. आन् दाण्याची आमटी केली थोडी. मीठसुद्दा उपासाचं घातलं."

तनुजा मॅडमच्या हातातली सुई हातातच राहिली. "कधी खाल्लं?"

"आत्ता काय, निघताना. केळं मात्र ह्यांनी खाल्लं, म्या नाय."

"मावशी, प्रत्येक वेळी असंच खाऊन येता?"

सखूबाई दुखावली. "प्रत्येक खेपंला उपास केला, मॅडम. सहा वर्सं. ह्यांच्यासंगं म्या बी केला. एकबी मोडला नाय."

तनुजा मॅडम बाहेर गेल्या. बाहेर बाकावर अकरा जण बसले होते. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. एकानं भगर खाल्ली होती. दोघांनी रताळी. एका आजींनी सांगितलं की डॉक्टरकडं जायचं म्हणून तूप जरा कमीच घेतलं होतं. शहागंजचे एक चाचा होते, त्यांनी उपवास म्हणजे रोजा असा सरळ अर्थ घेतला होता. ते पहाटे सहरीचं जेवण करून आले होते आणि त्यानंतर पाण्याचा थेंबसुद्धा त्यांनी घेतला नव्हता. "कायदे से आता हूँ, बेटी," ते म्हणाले. चारशे बारा रोग्यांत शास्त्राच्या सगळ्यात जवळ चाचाच पोहोचले होते.

दुपारी तनुजा मॅडम सरांना घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. सरांनी चष्मा काढला. ते विचार करताना चष्मा काढत. त्या मुद्रेत विचार कमी आणि चष्मा जास्त असे.

"म्हणजे सहा वर्षं सगळ्यांनी जेवून रक्त दिलं?"

"फराळ करून, सर. आपण कार्डावर उपवास लिहिलं होतं."

"मग त्यांनी उपवास केला ना?"

"केला, सर. पण उपाशी नव्हते."

सरांनी चष्मा रुमालानं पुसला. मग म्हणाले, "मग अहवालात 'उपवास' असंच लिहायचं. खोटं काय आहे त्यात? इंग्रजीत गेल्यावर त्याचं जे व्हायचं ते होईल."

"आणि कार्ड बदलायचं?"

"आता बदललं तर मागची सहा वर्षं चुकली असं होतं. नाही बदलायचं."

तनुजा मॅडम तरी थांबल्या नाहीत. रक्तातली चरबी आणि साखर फराळानं बिघडते, पण हृदय सोडतं ती खूण खिचडीनं हलत नाही, असं त्यांनी सांगितलं. "ती खूण अजून खरी आहे, सर. हे दोनशे सतरा नंबरचे मुंजाबा. कार्डावर लिहिलंय म्हणून सहा वर्षं मेंढरं सोडून गेटवर बसलेत. यांच्या बारा नळ्या आहेत आत. एक उघडली तर अर्ध्या तासात कळेल, हृदय सावरलंय की नाही. माणूस घरी जाऊ शकेल."

"डॉक्टर," सर म्हणाले. ते चिडले नव्हते, चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "आपण निरीक्षण करतोय. मध्येच सांगितलं तर तो औषध बदलेल, चालणं बदलेल, राहणं बदलेल. मग त्याचं भवितव्यही बदलेल. मग आपण मोजायचं काय?"

"पण कार्डावरच्या ओळीनं ते आधीच बदललंय, सर."

"विश्रांतीनं कुणाचं नुकसान झालंय?" सरांनी चष्मा घातला. "शिवाय खूण मोजायचे संच दहाव्या वर्षी येणार आहेत. आधी आणून ठेवले तर मुदत संपते."

संचाची मुदत संपते हे खरं होतं.

तनुजा मॅडमनी पुढल्या खेपेला मुंजाबाला हळूच सांगितलं की ही तपासणी बाहेर होते, तिथं करून घ्या, मी चिठ्ठी देते. छाती तपासून म्हणाल्या, मला तर तुम्ही चांगले वाटता, थोडं थोडं चढून बघा. मित्रांनो, इथं मुंजाबा चुकला असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही.

"तेरा बाटल्या दिल्या तुमाला," तो म्हणाला. "माझी खूण तुमच्याकडं हाय. परत दुसरीकडं कशाला? एका मेंढराला दोन खुना करत नसत्यात, मॅडम. मग ते कुनाचंच ऱ्हात नाय."

"मग मी सांगते म्हणून चढा, बाबा."

"लेखी द्या. कार्डावरलं खोडा आन् सही करा."

कार्डावर सही सरांची होती. तनुजा मॅडमनी पेन उघडलं, कार्डाकडं पाहिलं आणि पेन बंद केलं. नोकरी तात्पुरती होती. मी थंड आहे, मला लाज वाटायचं कारण नाही. पण त्या दिवशी त्या माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या ते मला समजलं.

जाताना मुंजाबानं माझ्या दारावर हात ठेवला. "हाय ना बाबा आत?" त्यानं विचारलं. होतं. सगळं आत होतं.

आता माझ्या म्हातारपणाकडं येतो. आठव्या वर्षी माझ्या दाराचं रबर सैल झालं. तापमानाची वही भरली, नवी कुणी आणली नाही. माझा कॉम्प्रेसर आवाज करू लागला तेव्हा मला बदलायची नव्हे, खोली बदलायची चर्चा झाली. पण धोका झाला तर ओरडायचं काम मी शेवटपर्यंत विसरलो नाही. त्यासाठी माझ्यात वेगळी बॅटरी आहे. वीज गेली की मी ओरडतो. वेळेवर ओरडणं, माझ्या मते, हा माझा एकमेव गुण.

दहा वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात शुक्रवारी संच आले. नव्वद खोकी. शनिवारी सोहळा ठेवला. सोमवारी नळ्या काढायला सुरुवात व्हायची होती. मुंजाबाच्या कार्डावर शेवटची तारीख त्याच सोमवारची होती.

सोहळा माझ्याच खोलीत झाला, म्हणजे पाहुण्यांना मी दिसावा म्हणून. खुर्च्या लावल्या. मला झेंडूचा हार घातला. हार घसरू नये म्हणून तो चिकटपट्टीनं चिकटवला. माझ्यासाठी वेगळा बसवलेला मजबूत बोर्ड होता, त्यावर सोहळ्याच्या माणसानं नजर टाकली आणि विचारलं, "इसमें से एक निकालूँ क्या?" त्या बोर्डात एकच प्लग होता.

मी ओरडू लागलो तेव्हा सरांचं भाषण नुकतंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा लोकांना वाटलं माईक शिट्टी वाजवतोय. मग सर थांबले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "गोकुळ, तो आवाज बंद कर."

गोकुळनं माझं बटण दाबलं. त्या बटणाचं कामच ते आहे. मग सर म्हणाले की या फ्रीजरच्या पोटात मराठवाड्यातल्या चारशे बारा हृदयरोग्यांचं भवितव्य सुरक्षित आहे. टाळ्या वाजल्या. नंतर जेवण होतं. शनिवार होता, कुणाकुणाचा उपवास होता, त्यांच्यासाठी खिचडीही होती.

रविवारी सुटी.

सोमवारी सकाळी तनुजा मॅडमनी दार उघडलं तेव्हा आतून पाणी त्यांच्या पायावर आलं. नळ्या पाण्यात आडव्यातिडव्या पडल्या होत्या. नंबरांच्या चिठ्ठ्या सुटून तरंगत होत्या. त्यांनी एक उचलली, मग दुसरी. मग गोकुळ आला. खाली वाकून त्यानं माझा प्लग बोर्डात लावला आणि मी सुरू झालो. दहा वर्षांत इतकं निरर्थक काम मी दुसरं केलं नाही.

साडेदहाला मुंजाबा आणि सखूबाई आले. नवं धोतर होतं. सखूबाईच्या पिशवीत डबा होता.

"आज निकालाचा दिवस ना?" मुंजाबा म्हणाला.

तनुजा मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवलं. एक खोकं फोडलं. मुंजाबाच्या बोटाला सुई टोचली, थेंब घेतला आणि संचाच्या पट्टीवर सोडला. वीस मिनिटं थांबायचं होतं. मग त्यांनी आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला.

"बाबा, तुमचं हृदय चांगलं आहे. खूण एकदम कमी आहे. तुम्ही चढू शकता."

मुंजाबानं सखूबाईकडं पाहिलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती, का रडत होती, मला नक्की कळलं नाही.

"आन् पयल्या बाटलीत?" मुंजाबानं विचारलं. "त्या टायमाला किती व्हती?"

"ते आता नाही कळणार, बाबा."

"म्हंजी?"

"खराब झाल्या त्या. सगळ्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या दाराखाली अजून पोतेरं अंथरलेलं होतं.

"म्हंजी मी दहा वर्सं बसलो," तो सावकाश म्हणाला, "ते बसलो म्हणून वाचलो, का उगाच बसलो?"

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं. त्या क्षणी ते पोतेऱ्यात होतं. तनुजा मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही." त्या खोलीत दहा वर्षांत बोललं गेलेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

मग त्यांनी गुलाबी कार्ड घेतलं, मागची ओळ आडवी खोडली आणि खाली लिहिलं : 'निकाल नॉर्मल. चढ-उतारास हरकत नाही.' सही केली. या वेळी पेन थांबलं नाही.

"हनुमानला फोन करू?" सखूबाईनं विचारलं.

"काय म्हनून करतीस? मागल्या साली त्यानं शेवटच्या माद्या काढल्या. टेम्पो घेतला." मुंजाबा उठला. "मलाबी आता कुठं वळकू येनार हायती मेंढरं."

या खेपेला जाताना त्यानं माझ्या दारावर हात ठेवला नाही.

अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात नमुने तांत्रिक कारणामुळं उपलब्ध नाहीत असं आहे, सर्व रोगी उपवास करून आले होते असं आहे, आणि या विषयावर आणखी अभ्यासाची गरज आहे असं शेवटी आहे. दुसरा टप्पा मंजूर झाला. माझ्या जागी नवा फ्रीजर आला. जुनी कार्डं चार हजारांवर उरली आहेत, ती वापरतात.

मला बाहेरच्या व्हरांड्यात ठेवलं आहे. रोगी माझ्यावर डबे ठेवतात. मी तक्रार करत नाही, पण प्रथेप्रमाणे शेवटी मला एक विनंती करायची असते ती करतो. मित्रांनो, कुणाचा प्लग काढण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. काही ओरडू लागलं तर बटण दाबण्याआधी ते का ओरडतंय ते बघा. आणि कुणाला 'थांबा' म्हणालात, तर किती ते त्याच दिवशी सांगा. मेंढरं थांबत नाहीत.

मुंजाबा परवा पुन्हा आला होता. माझ्या शेजारच्या बाकावर बसून त्यानं तनुजा मॅडमना गाठलं. हातात तेच कार्ड होतं.

"मॅडम, हे नॉर्मल तेवढं खोडा."

"का हो, बाबा? दुखतंय का काही?"

"नाय. चेअरमननं वाचलं. म्हनला, आता निकाल आला ना, मग वरच्या मजल्यांचा कचरा तुमीच उतरवत जा. रोज सकाळी. गुडघं लई दुखत्यात."

"बाबा, खोटं कसं लिहू मी?"

"नाय, बराबर हाय," मुंजाबा म्हणाला आणि कार्ड पिशवीत ठेवलं.

सोसायटी पाच मजल्यांची आहे. लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे.